डॉक्टरांना मराठी शिकवायचा धंदा: भांडवल थोडं, जबाबदारी मोठी

मागच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो की तालुक्याच्या गावात बसून करता येईल असा एक धंदा आहे, ज्याला ना मशीन लागतं ना गोडाऊन. लागते ती फक्त आपली बोली. व्हिडिओत सगळं सांगायला वेळ पुरला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी घरचा किस्सा. काही वर्षांपूर्वी माझ्या आईला छातीत दुखायला लागलं. मी दुकानात होतो, म्हणून ती शेजारच्या काकूंना घेऊन दवाखान्यात गेली. कोणता दवाखाना ते सांगत नाही, कारण चूक कुणा एकाची नव्हती. समोर उत्तरेकडचे तरुण डॉक्टर होते, नुकतेच जॉइन झालेले. आई म्हणाली, "सारखी चमक निघायलीय." आता हिंदीत चमक म्हणजे चकाकी. डॉक्टरांनी विचारलं, "आँखों के सामने?" आई टीव्हीवर हिंदी मालिका बघते, पण डॉक्टरसमोर तिचं निम्मं हिंदी गळून पडतं. तिनं पदर सावरला आणि मान हलवली. झालं! डोळ्यांच्या ओपीडीची चिठ्ठी मिळाली. सगळा दिवस त्या रांगेत गेला आणि संध्याकाळी ती डोळ्यांत टाकायचे थेंब घेऊन घरी आली. मी विचारलं, "अगं, छातीचं काय?" ती म्हणाली, "त्यांनी विचारलंच नाही."

ईसीजी दुसऱ्या दिवशी निघाला. हृदयाचं काही निघालं नाही, स्नायूचं दुखणं होतं. पण ती रात्र मी जागून काढली.

हा प्रश्न आपल्याच भागात का येतो ते बघा. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सरकारी कॉलेजात एमबीबीएसच्या १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्यातून भरतात, आणि पुढच्या एमडी-एमएसच्या तर ५० टक्के. म्हणजे राजस्थान, उत्तर प्रदेश, केरळ, कुठूनही मुलं-मुली इथे येतात. वॉर्डात आणि रात्रीच्या ड्युटीवर पेशंटच्या उशाशी उभे असतात ते हेच निवासी डॉक्टर. पेशंट मात्र केज, धारूर, परळीच्या खेड्यातला, आणि त्याचं दुखणं त्याच्याच बोलीत असतं. सरकारलाही हे कळतं. २०१९ पासून एमबीबीएसच्या सुरुवातीला जो फाउंडेशन कोर्स असतो, त्यात स्थानिक भाषेचा भाग आहे. पण थेट एमडीला आलेल्या मुलीनं एमबीबीएस दुसऱ्याच राज्यात केलेलं असतं. ती पहिल्या दिवसापासून वॉर्डात असते, आणि भाषा नर्स-मावशींना विचारत विचारत शिकते.

गंमत म्हणजे ज्या अंबाजोगाईत आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, मराठीतला पहिला ग्रंथ लिहिणारे म्हणून ज्यांचं नाव आपण शाळेत पाठ केलं, तिथेच आज मराठी शिकवायला माणूस शोधावा लागतो. असो.

तुम्ही म्हणाल, हिंदी तर सगळ्यांना येतं की. इथेच गडबड आहे. तमिळ डॉक्टरला काहीच कळत नाही, म्हणून तो पुन्हा विचारतो. हिंदीवाल्याला वाटतं कळलं, आणि तो पुढे जातो. माझ्या वहीत अशा शब्दांची यादी आहे. आपल्याकडे 'जुलाब' म्हणजे पातळ संडास, हिंदीत जुलाब म्हणजे पोट साफ व्हायचं औषध. "जुलाब झाले" आणि "जुलाब लिया" यात किती फरक आहे बघा. उलट त्यांचा 'दस्त' म्हणजे आपले जुलाब, आणि आपला दस्त रजिस्ट्री ऑफिसात होतो. "पोटात कळ येते" यातला ळ त्यांच्या कानाला ल वाटतो, मग ते विचारतात, कल से दर्द है क्या? "लघवीला उन्हाळी लागली" म्हटलं की त्यांना उन्हाळा आठवतो, जळजळ नाही.

आणि चूक दोन्ही बाजूंनी होते. डॉक्टर सांगतात, "ये गोली खाली पेट लेना." आपल्या आजीला 'खाली' म्हणजे वरच्या विरुद्ध. ती घरी येऊन सुनेला विचारते, खालच्या पोटाची गोळी कोणती? "आजी, ही गोळी अनशापोटी घ्या" एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं.

जगातही हेच चाललंय. अमेरिकेत स्पॅनिश बोलणारे पेशंट खूप, म्हणून तिथे डॉक्टर-नर्ससाठी दवाखान्यापुरत्या स्पॅनिशचे वेगळे कोर्स, वेगळी पुस्तकं असतात. त्यामागे एक वाईट उदाहरण नेहमी सांगितलं जातं. १९८० साली फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्ध अवस्थेत आणलं. घरचे 'इंटॉक्सिकादो' म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं, काहीतरी खाण्यात आलंय. डॉक्टरांनी इंग्रजी कानाने ऐकलं आणि नशेचा ओव्हरडोस धरून उपचार केले. खरं तर मेंदूत रक्तस्राव झाला होता. मुलगा वाचला, पण हात-पाय कायमचे गेले. कोर्टकचेरी होऊन तडजोड सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरवर झाली.

आता धंद्याकडे येतो. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी हा क्लास सुरू केला. मराठीत बीए, घर सांभाळून काहीतरी करायची इच्छा. माझ्या दुकानात झेरॉक्सला येणाऱ्या डॉक्टर पोरांना मीच विचारून नऊ जण जमवले. पहिल्या बॅचला आम्ही सरळ आपटलो. ताईंनी लिंग, वचन, विभक्तीपासून सुरुवात केली. चौथ्या दिवशी दोन जण उरले. एक जण तोंडावर म्हणाला, "मॅडम, मुझे एग्जाम नहीं देनी, मुझे रात को कैजुअल्टी में पूछना है." त्याचं बरोबर होतं. गिऱ्हाईक काय मागतंय ते न विचारता आम्ही आपल्याजवळ होतं ते विकत होतो. मी तेव्हा दुसऱ्यांना मार्केटिंग शिकवत होतो, हे विशेष.

दुसऱ्या वेळी आम्ही व्याकरण काढूनच टाकलं. पंधरा बैठका, प्रत्येकी पाऊण तास, आणि पहिल्याच दिवशी पाच प्रश्न: काय त्रास होतोय? कुठं दुखतंय, बोट लावून दाखवा. कधीपासून? कोणत्या गोळ्या चालू आहेत? आधी असं झालं होतं का? मग पेशंटचं उत्तर कसं येईल, ते. पुस्तकात "दुखत आहे" असतं, आपल्या भागात "दुखायलंय" येतं. "धाप लागायली", "डोस्कं जड पडलंय", "हातापायाला मुंग्या यायल्यात", "घेरी आली", "अन्नावर वासना नाही". हे ऐकायला शिकवणं बोलायला शिकवण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. डॉक्टरचं मराठी मोडकं असलं तरी पेशंट समजून घेतो.

सगळ्यात कामाला आली ती गल्लीतली एक आजी. तिला आम्ही बैठकीला २०० रुपये देऊन पेशंट म्हणून बसवलं. दुखणं ताई आधी ठरवून देत, बाकी आजी आपल्या मनाने बोलायची: आधी सुनेची तक्रार, मग शेतीची, मग गुडघा, आणि उठता उठता खरं दुखणं. पोरं म्हणाली, हेच ओपीडीत होतं. मेडिकल कॉलेजांत असे पाठ करून बसवलेले पेशंट परीक्षेसाठीही वापरतात, हे मला नंतर कळलं.

बोलायची रीत शिकवायला विसरू नका. मावशी, आजी, मामा, बाबा, वयाप्रमाणे हाक मारायची आणि 'तुम्ही' म्हणायचं. हिंदीतल्या 'तुम'च्या सवयीने 'तू' निघालं तर म्हातारा माणूस पुढे बोलतच नाही. आणि शेवटी एक वाक्य सक्तीचं: "घरी गेल्यावर गोळी कशी घेणार, मला सांगा बरं." पेशंट काय चुकीचं समजलाय ते इथेच उघडं पडतं.

एक शब्द मात्र मी स्वतः यादीत वर घातलाय: पिशवी. आपल्या बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांचा सर्व्हे झाला, त्यात १३ हजारांवर बायकांचं ऑपरेशन झालेलं निघालं. बाई "गर्भाशय" म्हणत नाही, "पिशवी काढलीय" म्हणते, तेही विचारलं तरच. "अंगावरून पांढरं जातं" हे तर डॉक्टर बाई असली आणि पडदा ओढलेला असला तरच बाहेर येतं. बाहेरच्या राज्यातल्या डॉक्टरला हा शब्द, त्यामागचा इतिहास आणि "कधी काढली, कुठं काढली, कशामुळं?" हे हळू आवाजात विचारणं, तिन्ही यायला पाहिजे.

आता हिशोब. समजा १० जण, प्रत्येकी २,००० रुपये, जमा २०,०००. खोलीभाडं २,५००. आजीच्या सहा बैठकांचे १,२००. खिशात मावणारं लॅमिनेट केलेलं कार्ड ३० रुपयांप्रमाणे ३००. हातात राहतात १६,०००. पण ॲडमिशनचं वेळापत्रक दरवर्षी मागे-पुढे होतं आणि वर्षाला दोन, फार तर तीन बॅच होतात. याच्यावर घर चालणार नाही, हे स्पष्ट सांगतो. शिकवणी, टायपिंग, झेरॉक्स असं काही असेल तर त्याला जोड म्हणून उत्तम. ड्युटीमुळे पोरं बैठका बुडवतात, म्हणून महिन्याची फी न घेता बैठकांचं पॅक विका, आणि बुडालेली बैठक पुढच्या बॅचला बसू द्या. क्लास हॉस्टेलपासून चालत जाता येईल एवढ्याच अंतरावर ठेवा.

धोकेही ऐका. आपण डॉक्टर नाही. यादीतला प्रत्येक शब्द आणि त्याचा वैद्यकीय अर्थ एखाद्या मराठी डॉक्टरकडून तपासून घ्या, फुकट नको, मानधन द्या. वॉर्डात जाऊन पेशंटचं रेकॉर्डिंग करायचं नाही, कुणाचं दुखणं क्लासमध्ये नावानिशी सांगायचं नाही. ऑडिओ हवा असेल तर घरच्या माणसांना बसवून, विचारून करा.

काही जण मला जर्मनचं विचारतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत, आणि आधी जर्मन शिकावंच लागतं. बाजार मोठा आहे, पण तिथे परीक्षेचे दाखले लागतात आणि तसे शिक्षक. तुम्हाला जर्मन येत नसेल तर दुसऱ्याच्या नावावर क्लास उघडून पोरांचे पैसे घेऊ नका.

त्यापेक्षा उलट्या दिशेचं एक काम बघा. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कर्नाटकातल्या कारखान्यांवरही जातात. तिथे कोपीत रात्री लेकरू तापलं तर बाप दवाखान्यात काय सांगणार? आम्ही एक छोटं कार्ड काढलंय, देवनागरीत कन्नड: ज्वर म्हणजे ताप, होट्टे नोवु म्हणजे पोटदुखी, तले नोवु डोकेदुखी, एदे नोवु छातीत दुखणं. याचे पैसे घेत नाही. दसऱ्यानंतर टोळ्या निघायच्या आत दोन-तीन मुकादमांकडे गठ्ठे पोचवायचेत. कन्नड नीट लिहिता-बोलता येणारं कुणी ओळखीचं असेल तर छापायच्या आधी एकदा तपासून द्या, दुकानावर या, चहा माझ्याकडून.