वर्णद्वेषी उद्गार आणि क्रीडांगणावरील न्याय

चेन्नईचा कसोटी क्रिकेटपटू अभिनव मुकुंद याने २०१७च्या ऑगस्टमध्ये एक निवेदन प्रसिद्ध केले. वर्षानुवर्षे दिवसभर उन्हात सराव केल्याने वर्ण काळवंडला, याची त्याला खंत नव्हती. त्यावरून होत आलेल्या हेटाळणीविषयी मात्र त्याने मौन सोडले. अशी हेटाळणी प्रतिस्पर्धी खेळाडूनेच भर सामन्यात केली तर त्याला कोणती शिक्षा व्हावी, हा प्रश्न फुटबॉलला दीर्घकाळ भेडसावत आहे.

शिक्षा ठरविण्यापूर्वी काय बोलले गेले, हे ठरवावे लागते. अडचण तेथूनच सुरू होते. मुंबईच्या वानखेडे मैदानावर ऑक्टोबर २००७मध्ये अँड्र्यू सायमंड्सला वानराचे हावभाव करून चिडविणाऱ्या प्रेक्षकांची निदान छायाचित्रे होती. पुढच्याच जानेवारीत सिडनीला हरभजन सिंगवर त्याच शब्दाचा आरोप झाला, तेव्हा पंचांनी काहीच ऐकलेले नव्हते. सामनाधिकाऱ्यांनी दिलेली तीन कसोट्यांची बंदी अपिलात रद्द झाली. सचिन तेंडुलकरची साक्ष झाली, उच्चारलेला शब्द इंग्रजी की हिंदी याचा खल झाला आणि अखेर साध्या शिवीगाळीबद्दल दंड तेवढा उरला. त्यातही खेळाडूच्या पूर्वीच्या गुन्ह्यांची पूर्ण नोंद अपील ऐकणाऱ्या न्यायमूर्तींपुढे आलीच नव्हती!

इंग्लंडमधील फुटबॉल संघटनेने याच गुंत्यातून वेगळी वाट काढली. लुइस सुआरेझने २०११मध्ये पॅट्रिस एव्राला उद्देशून वापरलेला स्पॅनिश शब्द आपल्याकडे सलगीने वापरतात, असा बचाव केला. चौकशी मंडळाने स्पॅनिश भाषेच्या तज्ज्ञांचे मत घेतले. शब्द सलगीचा असू शकतो, पण भांडणाच्या ऐन भरात तो सलगीचा राहत नाही, असे ठरवून त्याला आठ सामन्यांची बंदी व चाळीस हजार पौंड दंड करण्यात आला. जॉन टेरीला तर जुलै २०१२मध्ये फौजदारी न्यायालयाने निर्दोष सोडले, तरीही सप्टेंबरमध्ये संघटनेने त्याला चार सामन्यांपुरते दूर ठेवले. न्यायालयाला संशयातीत पुरावा लागतो; संघटनेला अधिक संभाव्य काय, एवढे पाहणे पुरते. हा भेद योग्यच म्हटला पाहिजे, कारण येथे कोणाचे स्वातंत्र्य हिरावले जात नाही, केवळ खेळण्याची मुभा काही काळ थांबते.

युरोपीय संघटनेने २०१३मध्ये आणि जागतिक संघटनेने २०१९च्या संहितेत किमान दहा सामन्यांची बंदी घातली. श्रीमंत खेळाडूला दंडाची रक्कम जाणवत नाही, बाकावर बसणे जाणवते. या दृष्टीने ही तरतूद उचित आहे. मात्र किमान शिक्षाच जबर असली की निर्णय देणारे दोषी ठरवितानाच कचरतात, हा धोका दुर्लक्षिण्याजोगा नाही.

भारतातही २०२३च्या सप्टेंबरमध्ये कोचीच्या सामन्यानंतर, मेघालयातील आपल्या खेळाडूकडे पाहून प्रतिस्पर्ध्याने नाक दाबल्याची तक्रार केरळ ब्लास्टर्सने केली होती. तेथे शब्दही नव्हता, नुसता हावभाव. दूरचित्रवाणीमुळे तो सर्वांना दिसला. अण्णा नगरातील एखाद्या शालेय सामन्यात कॅमेरा नसतो. तेथे रडवेल्या मुलाचे म्हणणे पंचाने त्याच्याच शब्दांत, त्याच वेळी, सामन्याच्या अहवालात लिहून घेतले, तरच पुढे कोणत्याही समितीला निर्णय करता येईल.