आई-बाबांना स्वतः चालवता येईल असाच हीटर घ्या

डिसेंबर-जानेवारीत नागपूरकडे रात्रीचा पारा 10 अंशांखाली उतरतो. पत्र्याच्या घरात गारठा जास्तच. वय झालं की शरीरात ऊब कमी तयार होते आणि थंडी वाजतेय हेही लवकर कळत नाही. म्हणून 'मला नाही वाजत थंडी' यावर विसंबू नका. पोटाला हात लावून बघा. पोट गार लागलं तर लगेच ऊब द्या.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. डोकं दुखलं, गरगरलं, उलटी झाली तर दार उघडा, बाहेर आणा, 108 ला फोन करा.

हीटर घेताना हे पाहा:

• एकच मोठं, फिरवायचं बटण. रिमोट नको, थरथरत्या बोटांना जमत नाही. योग्य जागी लाल नेलपॉलिशची खूण करा.

• खोली तापली की आणि हीटर आडवा पडला की आपोआप बंद होण्याची सोय.

• 1000 वॅटचा हीटर तासाला 1 युनिट वीज घेतो. आई-बाबांना हा हिशोब सांगा, नाहीतर बिलाच्या धास्तीने ते लावणारच नाहीत.

• 2000 वॅटला 16 अँपिअरचं सॉकेट लागतं. एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका.

गोधडी, साडी 3 फूट लांब ठेवा. खोली तापवून झोपताना हीटर बंद करा.

दुकानात आईलाच हीटर लावायला आणि बंद करायला सांगा. तिला जमला, तरच पैसे द्या.