जुन्या घरांतील सागवानी जमीन

गिरगांवांतील ज्या घरांत मी लहानाचा मोठा झालों, त्याच्या दुसऱ्या मजल्याची जमीन सागवानी फळ्यांची होती. उन्हाळ्यांत फळ्या आकसत आणि खालच्या बिऱ्हाडांतील दिव्याचा उजेड फटींतून वर येई. आमच्या हातून सांडलेलें पाणी त्याच फटींतून खालीं जाई, आणि मग जें व्हावयाचें तें भांडण होई! बारा वर्षांपूर्वीं ही जमीन ‘नवी’ करावी अशी आम्हां भावंडांना हौस आली. एका ठेकेदारानें भाड्याचें यंत्र आणलें आणि दोन दिवसांत जमीन आरशासारखी करून दिली. आम्ही खुष झालों. पुढच्याच पावसाळ्यांत खिळ्यांचीं डोकीं वर आलीं, फळ्यांच्या कडा चिरफळल्या आणि दाराजवळच्या दोन फळ्या पायाखालीं लवूं लागल्या. तीन पिढ्यांच्या पावलांनीं झिजलें नव्हतें इतकें लाकूड दोन दिवसांत भुसा होऊन गेलें होतें. दोष अर्धा आमचा; फळी किती जाड उरली आहे, हें कोणीं पाहिलेंच नाहीं.

मुंबईच्या जुन्या घरांतील पुष्कळसें सागवान ब्रह्मदेशचें आहे. १८२६ सालीं तेनासरीम प्रांत इंग्रजांकडे गेल्यावर मोलमीन बंदरांतून हें लाकूड बाहेर जाऊं लागलें, आणि १८८५ च्या युद्धानंतर उत्तर ब्रह्मदेशांतील जंगलेंही त्यांच्या हातीं आलीं. जुन्या अरण्यांतील सावकाश वाढलेल्या मोठ्या झाडांच्या गाभ्याची ती फळी. गाभ्यांत स्वाभाविक तेल असतें, म्हणून वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. सालीलगतच्या पांढुरक्या लाकडाला मात्र हें अभय नाहीं. २०१४ च्या एप्रिलपासून त्या देशानें ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे. तेव्हां आपल्या पायांखालची फळी वांचविणें हेंच शहाणपणाचें.

पुष्कळ ठिकाणीं या कटकटीला कंटाळून फळ्यांवर सिमेंट घालून लाद्या बसवितात. याचा हिशेब एकदां करून पाहा. मसाला व लादी मिळून पांच सेंटिमीटर जाडी धरली, तर चौरस मीटरला सुमारें शंभर किलो वजन होतें. म्हणजे बारा फूट लांब व दहा फूट रुंद खोलींत अकराशें किलोंहून अधिक! हा भार जुन्या तुळयांवर कायमचा पडतो. शिवाय खालीं ओल कोंडते, आणि फळी व तुळईचें टोंक कुजूं लागलें तरी तें डोळ्यांना दिसत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. उंबऱ्यापाशीं किंवा एखादी सुटी फळी उचलून जाडी मोजावी. फळी पातळ झाली असेल, किंवा खिळ्याचें डोकें पृष्ठभागाच्या अगदीं जवळ आलें असेल, तर यंत्राचें नांव काढूं नये. नंतर जुना लेप कोणता आहे हें ओळखावें. कोपऱ्यांत स्पिरिटचा थेंब टाकला असतां लेप चिकट झाला, तर तो चपड्याचा. टर्पेंटाइननें फडक्यावर उतरला, तर मेणाचा. दोहोंनींही हलला नाहीं, तर व्हार्निश किंवा तेलरंग समजावा. चपडा व मेण यांना घांसण्याची गरजच पडत नाहीं. तीं याच द्रवांनीं पुसून निघतात आणि लाकूड जसेंच्या तसें राहतें. जुना तेलरंग असेल तर मात्र सावध! त्यांत शिसें असण्याचा संभव मोठा. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरांत. असा रंग कोरडा घांसूं नये, आणि घरांत लहान मुलें असतील तर त्यांना आजोळीं धाडावें. सागाचा भुसाही नाकांत जाऊं देणें बरें नव्हे. तोंडाला चांगला मुखवटा हवाच.

घांसावयाचेंच असेल तर आधीं खिळे पंचानें खोल ठोकून घ्यावे, आणि रेषांच्या दिशेनें ६०, ८० व १२० नंबरचे कागद क्रमानें वापरावे. आडवें घांसल्यास उमटलेले ओरखडे लेप दिल्यावरच दिसतात, आणि तेव्हां उपाय उरत नाहीं. ताज्या घांसलेल्या सागावर काळसर-पिवळे पट्टे दिसतात म्हणून कित्येक गृहस्थ घाईनें रंग चढवितात. थोडा धीर धरावा. कांहीं आठवड्यांच्या उजेडानें तें आपोआप सोनेरी तपकिरी होतें. फळ्यांमधील फटी उन्हाळ्यांत लांबीनें गच्च भरूं नयेत. पावसाळ्यांत लाकूड फुगतें, त्याला ती जागा लागते.

लेप देण्याच्या आधीं लाकूड स्पिरिटनें पुसून घ्यावें, कारण सागाचें स्वतःचें तेल वर राहिलें तर व्हार्निश धरत नाहीं. काम दिवाळीनंतर काढावें. दमट हवेंत चपडा पांढरा पडतो. त्यावर पाणी सांडलें तरी डाग उठतो, म्हणून राबत्या खोलीला तो माझ्या मतें योग्य नाहीं. तेथें उकळलेलें जवसाचें तेल पातळ हातानें दोनतीनदां चोळून वर मेण द्यावें. पॉलियुरेथेन टिकाऊ खरें, परंतु एका जागीं उडालें म्हणजे सारी खोली पुन्हां घांसावी लागते. तेलाची जमीन जेथल्या तेथें दुरुस्त होते.

एक गोष्ट मात्र विसरूं नका. जवसाच्या तेलाचीं फडकीं चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तें तेल सुकतांना हवेंतील प्राणवायु घेतें व तापतें. बोळ्यांत ती उष्णता कोंडते आणि काडी न लावतां फडकें पेट घेतें. लांकडी घरांत रात्रीं असें झालें तर काय होईल, तें सांगावयास नको. फडकीं बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून वाळवावीं, किंवा पाण्यानें भरलेल्या डब्यांत बुडवून ठेवावीं.

आमच्या दोन फळ्या गेल्या वर्षीं बदलल्या. पाडलेल्या एका घरांतील जुनें सागवान आमच्या मिस्त्रींनीं शोधून आणलें. रंग अजून जुळलेला नाहीं, परंतु दाराजवळ आतां पाय लवत नाहीं.