‘रॉदरहॅम’ची ‘राजपूत’ झाली तेव्हा

1942 साल कोल्हापूर जिल्ह्यातलं गारगोटी विसरणार नाही. त्या वर्षी 13 डिसेंबरला इथल्या सरकारी कचेरीवर चालून गेलेले 7 जण हुतात्मे झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ज्या ब्रिटिश सत्तेशी ते लढत होते तिच्या नौदलात ‘रॉदरहॅम’ ही विनाशिका दाखल झाली होती. पुढे 7 वर्षांतच ती भारताची झाली.

स्कॉटलंडच्या क्लाइडबँकला बांधलेली ही बोट सुमारे 358 फूट लांब. वाफेच्या टर्बाइनवर 36 नॉटपर्यंत वेग, 4.7 इंची 4 तोफा आणि 8 टॉर्पेडो नळ्या. 1945 मध्ये सिंगापूरच्या नौदल तळावरच्या जपान्यांची शरणागती घेण्यासाठी तीच गेली. तिथल्या एका दरवाजाला तिचं नाव मिळालं.

जुलै 1949 मध्ये भारताने ती घेतली, ‘रिडाउट’ आणि ‘रेडर’ या आणखी दोघींसह. त्यांची नावं झाली राजपूत, रणजित आणि राणा. स्वतंत्र भारताच्या या पहिल्या विनाशिका. ‘आयएनएस’ ही अक्षरं मात्र त्यांना 26 जानेवारी 1950 ला, प्रजासत्ताकासोबतच मिळाली.

खरी परीक्षा झाली ती म्हातारपणी. भारत-पाकिस्तान युद्धाच्या तोंडावर, 1971 च्या नोव्हेंबरमध्ये, पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी आपली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ बुडवायला कराचीहून निघाली. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी ‘विक्रांत’ला अंदमानकडे दडवलं आणि तिची भूमिका ‘राजपूत’ला दिली. विशाखापट्टणमच्या समुद्रातून ‘राजपूत’ने मोठ्या जहाजाला शोभेल इतके बिनतारी संदेश सोडले. शत्रूने ते ऐकावेत, हाच हेतू होता.

3 डिसेंबरच्या मध्यरात्री ‘राजपूत’ पुन्हा बंदराबाहेर पडत होती. कप्तान लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग. पुढे पाण्यात खळबळ दिसली आणि त्यांनी दोन डेप्थ चार्ज टाकायचा हुकूम दिला. डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटकांनी भरलेला पिंप; ठरवलेल्या खोलीवर पाण्याचा दाबच तो फोडतो. पाणी उथळ असेल तर टाकणाऱ्या बोटीलाही जबर हादरा बसतो. थोड्या वेळाने झालेल्या प्रचंड स्फोटाने किनाऱ्यावरच्या घरांच्या काचा थरथरल्या. सकाळी कोळ्यांना पाणबुडीचे अवशेष सापडले. आत 90 हून अधिक माणसं होती, एकही वाचला नाही.

‘गाझी’ नेमकी कशाने बुडाली, यावर वाद आहे. भारतीय नौदल श्रेय ‘राजपूत’ला देतं, तर ती आपल्याच सुरुंगांच्या स्फोटात गेली असं पाकिस्तान सांगतो. पण ‘गाझी’ला ‘विक्रांत’ सापडली नाही, हे नक्की. ‘राजपूत’चं श्रेय तेवढ्यानेच पक्कं होतं, आणि स्फोटापेक्षा ते मोठं आहे.

1976 मध्ये ती निवृत्त होऊन मोडीत निघाली. मे 1980 मध्ये सोव्हिएत बांधणीची नवी ‘राजपूत’ दाखल झाली. तिने 21 मे 2021 पर्यंत सेवा केली.