ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांची रेघ घरीच तपासा



पुढचे टायर नवे घातले, आणि बघता बघता एका कडेने कुरतडल्यासारखे झाले, असे पुष्कळांच्या बाबतीत होते. मग टायरच्या कंपनीला बोल लावला जातो. तसे करण्याआधी चाके रेघेत आहेत का, एवढे पाहा. त्याला लागणारे साधन गावचा सुतार तासाभरात करून देईल.

ट्रॅक्टरची पुढची चाके अगदी समांतर नसतात. पुढच्या अंगाला ती किंचित जवळ असतात. याला मेकॅनिक ‘टो-इन’ म्हणतात. चालताना जमीन चाकांना मागे रेटते, सांध्यांतली थोडी ढिलाई निघते, आणि मग चाके सरळ धावतात. हा फरक बहुधा चार-सहा मिलिमीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहा. चारही चाकांना गती असलेल्या ट्रॅक्टरचे माप वेगळे असते.

फरक वाढला तर काय होते? टायरची उंची 73 सें.मी. धरा आणि फरक 12 मि.मी. जास्त धरा. मग प्रत्येक चाक एका किलोमीटरला सुमारे 8 मीटर आडवे फरफटते. मऊ रानात ते खपून जाते, पण डांबरी सडकेवर उसाची ट्रॉली ओढताना टायरचे रबर झिजते नि डिझेलही जाते.

आता साधन. दोन्ही पुढच्या चाकांच्या मधल्या रेघांत जेवढे अंतर, त्याहून वीतभर लांब अशी सरळ, वाळलेली लाकडी पट्टी घ्या. तिच्यावर हबच्या उंचीचे दोन खुंट पक्के ठोका. एका खुंटावर टोकदार खिळा आडवा बसवा. दुसऱ्यावर शाळेतली फूटपट्टी आडवी बसवा, तिचा शून्य खिळ्याकडे ठेवा. झाले. नुसत्या टेपने हे काम होत नाही, कारण चाकांच्या मागे इंजिन आडवे येते. ही पट्टी मात्र त्याच्या खालून जाते.

मोजण्याआधी दोन्ही टायरांत हवा सारखी भरा. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. एकेक चाक जॅकवर घ्या, आसाखाली लाकडाचा ठोकळाही द्या. निव्वळ जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खडखडले तर बेअरिंग किंवा किंगपिनचा बुश गेला आहे. मग आडवे धरून हलवा. तिथे ढिले लागले तर बॉल जॉइंट पाहा. हे सांधे ढिले असतील तर पुढे जाऊच नका, आधी ते बदला. भरल्या ट्रॉलीसह बॉल जॉइंट निखळला तर टायरचा हिशेब कोण करील?

सांधे ठीक असतील तर चाक फिरवत मधल्या धारेवर खडू लावा, आणि खिळा एका जागी घट्ट धरून त्यावर बारीक रेघ उमटवा. दुसऱ्या चाकालाही तसेच करा. चाके खाली घ्या, मागचे दगड काढा, स्टिअरिंग सरळ ठेवून ट्रॅक्टर सपाट जागी चार पावले पुढे न्या. चाकांच्या पुढे, हबच्या उंचीला, दोन्ही रेघांवर खूण करून पट्टी लावा. खिळा एका रेघेवर टेकवा, दुसरी रेघ फूटपट्टीवर कुठे येते ते लिहून ठेवा. आता ट्रॅक्टर सुमारे 115 सें.मी. पुढे सरकवा, म्हणजे त्याच खुणा मागच्या अंगाला हबच्या उंचीला येतील. मागे घेऊ नका, सांध्यांची ढिलाई उलटी होऊन माप चुकते. पट्टी उलटी फिरवून मागून मोजा. मागचे माप जितके जास्त, तितके टो-इन. मागचे कमी भरले तर चाके बाहेर फाकली आहेत.

दुरुस्ती टाय रॉडवर होते. दोन्हीकडचे चेकनट सैल करून दांडी पान्याने फिरवा. दांडी आसाच्या मागे असेल तर ती लांब केल्याने टो-इन वाढते, पुढे असेल तर उलट. दोन्ही चाकांना वेगळ्या दांड्या असतील तर त्या सारख्याच फिरवा, नाहीतर स्टिअरिंग मधोमध राहणार नाही. आटे फार बाहेर काढू नका. चेकनट घट्ट करा, थोडे चालवा, पुन्हा मोजा. पहिल्या खेपेला क्वचितच जुळते.

आस वाकलेला असला तर मात्र हे घरचे काम नव्हे, ट्रॅक्टर कारागिराकडे न्या. पेरणीसाठी किंवा आंतरमशागतीसाठी पुढची चाके रुंद-अरुंद केलीत की त्याच दिवशी पट्टी लावा, आणि ऊस वाहतूक सुरू होण्याआधी एकदा.