दगडाची साक्ष

इतिहासाच्या तासाला मी एक प्रश्न वर्षानुवर्षे विचारीत आलो आहे : हे साधन अस्सल कशावरून? माजी विद्यार्थ्यांना तो आठवत असेल. ताम्रपटाला विचारायचा हा प्रश्न आकाशातून पडलेल्या दगडालाही विचारावा लागतो.

१४ मे १८६४ रोजी दक्षिण फ्रान्समधील ऑर्गेय गावाजवळ उल्कापाषाण पडले. त्यांतील एक तुकडा काचेच्या बंद बरणीत सुमारे शंभर वर्षे राहिला. पुढे तो तपासला असता आत वनस्पतीचे बी आढळले. पृथ्वीबाहेरील जीवसृष्टीचा पुरावाच म्हणायचा! परंतु सोबत कोळशाचे कण आणि सरसही निघाला. कोणीतरी ते बी मुद्दाम दगडात बसवले होते. १९६४ मध्ये ही लबाडी उघड झाली. ती करणारा मात्र अज्ञातच राहिला.

‘सेंद्रिय’ म्हटले की आपल्याला शेणखत आठवते. रसायनशास्त्रात मात्र मुख्यतः कार्बन व हायड्रोजन यांच्या जोडणीतून घडलेल्या रेणूंना सेंद्रिय म्हणतात. ते सजीवांनीच घडवले पाहिजेत असे नाही. १८२८ मध्ये फ्रीड्रिख व्होलर यांनी प्रयोगशाळेत युरिया तयार केला, तेव्हाच त्या समजुतीला तडा गेला.

२८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे उल्का कोसळली. तिच्या तुकड्यांत अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, सापडली. ती दगड उचलणाऱ्यांच्या बोटांवरून तर आली नसतील? शंका रास्त होती. उत्तर रेणूंनीच दिले. बहुतेक अमिनो आम्लांची डाव्या-उजव्या हातांसारखी दोन रूपे असतात. पृथ्वीवरील सजीवांची प्रथिने जवळजवळ केवळ ‘डाव्या’ रूपाची. मर्चिसनमधील अनेक आम्लांत मात्र दोन्ही रूपे जवळपास समप्रमाणात होती. शिवाय, आपल्या प्रथिनांत नसलेली आम्लेही त्यांत होती. ती अवकाशातच घडली होती.

आता तर दगड पडण्याची वाट पाहावी लागत नाही. ‘नासा’च्या ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नू या लघुग्रहावरील सुमारे १२१ ग्रॅम माती-खडे २४ सप्टेंबर २०२३ रोजी पृथ्वीवर आणले. पृथ्वीची हवा लागू नये म्हणून ते नायट्रोजन वायूत जपले गेले. त्यांत सजीवांच्या प्रथिनांतील २० पैकी १४ अमिनो आम्ले आणि आनुवंशिक रेणूंचे पाचही नत्रयुक्त घटक आढळल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले.

विटा सापडल्या म्हणजे घर सापडले असे नव्हे. हे रेणू म्हणजे जीव नव्हे. जीव घडण्यास लागणारी सामग्री अवकाशातही तयार होते, एवढेच ते सिद्ध करतात. पण हे ‘एवढेच’ लहान नाही.

ऑर्गेयच्या त्याच उल्केत पुढे अस्सल अमिनो आम्लेही मिळाली. खोटे बी चिकटवणाऱ्याला ठाऊक नव्हते, की दगडापाशी स्वतःचे खरे सांगणे होते. ते विचारणारा तेवढा हवा होता.