नेम ऐकणारी बंदूक

नव्वदच्या दशकात कॅसेटवर चालणाऱ्या व्हिडिओ गेमबरोबर प्लॅस्टिकची बंदूक यायची आणि घरोघरी टीव्हीवरची बदकं टिपली जायची. त्या बंदुकीतून काही सुटत नव्हतं. उलट तीच टीव्हीकडे बघायची. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि नळीतल्या प्रकाशसंवेदकाला तो दिसला की बदक पडायचं. सपाट पडदे आले, चित्र किंचित उशिरा उमटू लागलं आणि ही जुनी बंदूक आंधळी झाली.

डोळ्यांचं काम कानांना देता येतं. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत आकडे मोजले असतील, तर ही युक्ती तुमच्या ओळखीची आहे. अशा बंदुकीवरचा छोटा स्पीकर 40 किलोहर्ट्‌झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो. त्याच क्षणी तारेतून तशी वर्दी जाते. पडद्याभोवतीचे तीन माइक आवाज पोहोचायला लागलेला वेळ मोजतात. 20 अंश सेल्सिअसला आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. तीन अंतरं कळली की दोनच जागा उरतात. त्यातली एक पडद्यामागे, म्हणजे ती सोडून द्यायची.

1989 साली निन्टेंडोच्या खेळांसाठी आलेल्या मॅटेलच्या ‘पॉवर ग्लोव्ह’ या हातमोज्यात अशीच रचना होती: हातावर दोन स्पीकर, टीव्हीभोवती तीन माइक. अडचण एकच. दोन स्पीकरमधून जाणाऱ्या रेषेभोवती हात फिरला, तर ते यंत्राला कळत नाही. पण हेच स्पीकर बंदुकीच्या नळीवर, एक पुढे आणि एक मागे बसवा. नळी स्वतःभोवती कितीही फिरो, नेम तोच राहतो! हातमोज्याला नडणारी उणीव बंदुकीला नडतच नाही. भूमितीची ही मेहेरबानी मला फार देखणी वाटते.

काटेकोरपणा मात्र हवाच. स्पीकर 20 सेंटिमीटर अंतरावर आणि पडदा दोन मीटरवर असेल, तर पुढच्या स्पीकरची जागा दोन मिलिमीटर चुकली तरी नेम दोन सेंटिमीटरने ढळतो. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे 0.6 मीटर. स्पीकरवर बोट आलं, तर माइकला आधी भिंतीवरचा प्रतिध्वनी पोहोचतो आणि नेम उडी मारतो. शिवाय किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी त्यातून असेच न ऐकू येणारे आवाज निघतात. 1956 मध्ये झेनिथ कंपनीने आणलेल्या, याच आवाजांवर चालणाऱ्या रिमोटच्या टीव्हीवर तेवढ्यानेही चॅनेल बदलायचं.